रुग्णाचे गुपित आणि ई-मेलचे कुलूप

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याला जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची आज्ञा आहे. आज वंध्यत्वाचे रुग्णवृत्त, त्वग्रोगाची छायाचित्रे, रक्ततपासणीचे अहवाल ई-मेलने दुसऱ्या वैद्याकडे जातात. त्यामुळे ही आज्ञा संगणकावरही पाळणे क्रमप्राप्त आहे. संदेश कूटबद्ध करण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. त्यांचे बलाबल पाहू.

पहिली टीएलएस. संदेश एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत कोणी वाचू नये, एवढीच काळजी ती घेते. आपल्याला काही करावे लागत नाही, हा तिचा गुण. मात्र सर्व्हरवर पोहोचलेला संदेश सेवा देणाऱ्या कंपनीला वाचता येतो, हा दोष.

दुसरी ओपनपीजीपी. तिचे मूळ असलेले पीजीपी फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. यात प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्लीने कुलूप लागते. उघडते मात्र केवळ खासगी किल्लीने. खर्च नाही. परंतु मिळालेली किल्ली त्याच वैद्याची आहे, याची खात्री फोन करून आपणच करावी लागते.

तिसरी एस/माइम. तत्त्व तेच, पण किल्ली कोणाची याची ग्वाही प्रमाणपत्र देणारी संस्था देते. आउटलुकसारख्या प्रणालींत तिची सोय असते. प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही जुनी किल्ली जपावी, अन्यथा जुने संदेश उघडत नाहीत.

शेवटच्या दोन्ही पद्धतींत विषयाची ओळ सामान्यतः उघडीच राहते. तेथे रुग्णाचे नाव वा व्याधी लिहू नये. २०१८ मध्ये ‘ईफेल’ नावाने उघड झालेल्या त्रुटींमुळे काही ई-मेल प्रणालींतून उलगडलेला मजकूर बाहेर जाऊ शकत होता. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि बाहेरील चित्रे आपोआप उघडू देऊ नयेत.

रोगबल व रुग्णबल पाहून आपण औषध योजतो. येथेही तोच न्याय. भेटीची वेळ कळविण्यास टीएलएस पुरेसे आहे. रुग्णवृत्त पाठविताना स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या वैद्याने ओपनपीजीपी, तर रुग्णालयाने एस/माइम स्वीकारणे सोयीचे. समोरच्याकडे दोन्ही नसल्यास पासवर्ड लावलेली पीडीएफ पाठवावी आणि पासवर्ड फोनवर सांगावा; त्याच ई-मेलमध्ये लिहू नये. खासगी किल्लीची एक प्रत सुरक्षित जागी ठेवावी, कारण ती हरवल्यास रुग्णवृत्त आपल्यालाही वाचता येणार नाही.

रुग्ण विश्वासाने बोलतो, म्हणूनच निदान होते. तो विश्वास जपणे हा चिकित्सेचाच भाग आहे.