रहस्यप्रधान बोलपट कसा पाहावा?

गुन्ह्याचा शोध लावणाऱ्या कथा वाचण्याची आवड पुष्कळांस असते. परंतु तशीच कथा पडद्यावर पाहणें ही निराळी गोष्ट आहे. वाचतांना शंका आल्यास मागचीं पानें उलटतां येतात. पडदा मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून असा बोलपट प्रथमच पाहणाऱ्यानें कशाकडे लक्ष द्यावें, हें आम्हीं नुकत्याच पाहिलेल्या एका प्रसिद्ध बोलपटाच्या आधारें सांगण्याचें योजिलें आहे.

‘मर्डर ऑन दि ओरिएंट एक्सप्रेस’ हा तो बोलपट. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची याच नांवाची कादंबरी १९३४ सालीं प्रसिद्ध झाली. तिजवरून सिडने ल्युमेट या दिग्दर्शकानें १९७४ सालीं तो तयार केला. हर्क्यूल प्वारो या बेल्जियन शोधकाची भूमिका अल्बर्ट फिनी यानें केली आहे. इस्तंबूलहून निघालेली आगगाडी युगोस्लाव्हियांत बर्फांत अडकते आणि सकाळीं एक धनाढ्य अमेरिकन प्रवासी मृत आढळतो. त्याच्या अंगावर सुऱ्याच्या बारा जखमा असतात.

या जातीच्या कथेचें पहिलें लक्षण येथेंच दिसतें. चोहोंकडे बर्फ असल्यामुळें संशयितांची संख्या मर्यादित राहते. पोलिसांची मदत नाहीं. शोधकाजवळ आहे ती केवळ प्रश्न विचारणारी बुद्धि.

दुसरें लक्षण प्रामाणिकपणा. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानें १९२९ सालीं रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतील एकाचा आशय असा कीं, शोधकास सांपडलेला पुरावा वाचकापासून लपवूं नये. येथेंही बंद पडलेलें घड्याळ, जळक्या कागदाचा तुकडा, ‘एच्’ अक्षर भरलेला हातरुमाल हें सारें आपणांस दाखविलें जातें. तें अक्षर पाहतांच आपण त्यापासून सुरू होणारें नांव शोधूं लागतों. परंतु रशियन लिपींत त्याच आकृतीचा उच्चार ‘न’ असा होतो, हें ज्यास ठाऊक आहे त्यास आणखी एक वाट दिसते. वस्तु सर्वांस सारखीच दिसते. तिचा अर्थ ज्याच्या त्याच्या ज्ञानाप्रमाणें उलगडतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. आगगाडीच्या कंपनीचा बियांकी नांवाचा अधिकारी प्वारोच्या शेजारीं बसलेला असतो. एखाद्याची साक्ष संपली कीं, हाच खुनी, असें तो ठामपणें सांगून टाकतो. पुढची साक्ष होतांच खुनीही बदलतो. पाहणारे हंसतात; परंतु थोडा विचार केल्यास तें हंसें आपलेंच आहे. वर्गांत कोणाची लेखणी हरवली तर बोट प्रथम कोणाकडे जातें? ज्याचा सदरा फाटका आहे, अथवा जो शाळेंत नवा आला आहे, त्याच्याकडे. घरांत दागिना सांपडला नाहीं तर मोलकरणीचें नांव आधीं निघतें, आणि दागिना मागाहून उशाखालीं मिळाला तरी तिचा झालेला अपमान भरून येत नाहीं. प्वारो मात्र सर्वांस प्रश्न विचारतो, राजघराण्यांतील वृद्धेसही आणि नोकरासही, आणि सर्वांचें ऐकून होईपर्यंत निकाल देत नाहीं.

शेवटीं एक कठीण प्रश्न उरतो. मृत मनुष्य स्वतःच एका बालिकेच्या अपहरणाचा व हत्येचा सूत्रधार होता, हें लवकरच उघड होतें. १९३२ सालीं अमेरिकेंत वैमानिक चार्लस् लिंडबर्ग याच्या लहान मुलाचें अपहरण होऊन त्याचा अंत झाला होता. त्या घटनेची छाया या कथेवर आहे. कायद्याच्या हातून सुटलेल्या दुष्टास कोणी परस्पर मारिलें, तर त्यास न्याय म्हणावें काय? प्वारो काय करतो तें आम्ही येथें सांगत नाहीं. रहस्य फोडणें म्हणजे दुसऱ्याच्या आनंदाची चोरी होय.

पालकांनीं हा बोलपट आपल्या मोठ्या मुलांसमवेत पाहावा आणि तो संपल्यावर हाच प्रश्न त्यांस विचारावा. उत्तरें भिन्न येतील. प्रत्येकानें आपल्या उत्तराचें कारण सांगितलें पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.