जुनी गाडी, आधीचा इतिहास

जुनी गाडी घेताना बहुतेक जण रंग बघतात, एक चक्कर मारतात आणि भावावर येतात. मी म्हणेन, आधी आरसी मागा. परिवहन खात्याच्या ‘एमपरिवहन’ अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटलं असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवाच, नाहीतर गाडी तुमच्या दारात आणि बोजा आरसीवर तसाच. ई-चलनांची थकबाकीही त्याच बैठकीत तपासा.

विम्याची पॉलिसी नीट वाचा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचतो. तो शून्य असेल तर का, हे मालकाला स्पष्ट विचारा.

२०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१ला चिपळूण पाण्याखाली होतं. बुडालेली गाडी धुऊनपुसून चकाचक करता येते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा: आतल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ बरेचदा राहून जाते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा गंजही पाहा.

मीटर मागे फिरवता येतं. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लचचं रबर गुळगुळीत झालेलं दिसलं, तर सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मागवल्याशिवाय इसार देऊ नका.