आच्छादन, तणनियंत्रक

बागेतील झाडांभोवतीची जमीन झाकून तणांची वाढ रोखण्यासाठी पसरलेल्या थराला तणनियंत्रक आच्छादन म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. सेंद्रिय आच्छादनात उसाचे पाचट, गव्हाचे काड, पालापाचोळा इ. वापरतात, कृत्रिम आच्छादनात काळी पॉलिथिलीन फिल्म किंवा पॉलिप्रोपिलिनाच्या पट्ट्यांची विणलेली चटई वापरतात.

आच्छादनामुळे प्रकाश अडतो व रुजलेली तणे साठविलेले अन्न संपताच मरतात. गाजर गवतासारखी बियांपासून वाढणारी तणे अशा रीतीने आटोक्यात येतात. परंतु लव्हाळ्याचे टोकदार कोंब पातळ फिल्म भेदून वर येतात आणि हराळी कडेने आत शिरते. म्हणून आच्छादनापूर्वी लव्हाळ्याच्या गाठी व हराळीच्या काशा खणून काढणे आवश्यक असते.

चटईतून पावसाचे पाणी झिरपते. फिल्मखाली मात्र ठिबक सिंचनाची नळी टाकावी लागते. आच्छादनाने बाष्पीभवनही घटते. त्यामुळे पारनेर (अहिल्यानगर जिल्हा) या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण तालुक्यात त्याचे महत्त्व विशेष आहे. याच तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे १९७५ नंतर पाणलोट विकासाच्या कामांतून पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरविण्यात आले. असे मुरलेले पाणी ऊन व तणे यांपासून राखण्यास आच्छादन उपयोगी पडते.

सेंद्रिय आच्छादन कुजून जमिनीचा कस वाढवितो. मात्र त्यात वाळवीचा उपद्रव संभवतो व ते वरचेवर घालावे लागते. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे तुकडे मातीत मिसळतात व ते कुजत नाहीत. म्हणून ते जीर्ण होण्यापूर्वीच गोळा करावे लागते.