तुळजापूरच्या घाटात गाडी गरम झाली की दोष उन्हाला देतात, पण खरा गुन्हेगार वॉटर पंप असू शकतो

मे महिना, दुपारचे दोन. सोलापूरहून तुळजापूरला निघालेली सात सीटची गाडी. आत आजी, दोन लहान पोरं, ओटीचं सामान, मागे बॅगा आणि एसी फुल. सपाटीवर गाडी झकास पळते. घाट लागतो, गिअर खाली येतो आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायला लागतो. दोन वळणं होतात न होतात तोच बोनेटमधून वाफ यायला लागते.

गाडी कडेला घेतली जाते. एक जण म्हणतो, "ऊनच लई हाय, गाडी गरम होणारच." दुसरा पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावतो.

दोघंही चुकतात. पहिल्याची चूक खिशाला महागात पडते, तर दुसऱ्याची थेट जिवावर बेतू शकते.

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यात बालाघाटचे डोंगर, तुळजापूरचा घाट, येडशीजवळचा चढ, आणि सोलापूर-धाराशिव-बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ व नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा ६५ यांच्यावरची तासन् तास चालणारी वाहतूक. गाडीची खरी परीक्षा इथंच होते. पण धडधाकट गाडीचा काटा ४२ अंशांच्या उन्हातही मधोमधच राहायला हवा, कारण इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा हे ऊन गृहीत धरूनच बनवलेली असते. काटा वर जात असेल तर यंत्रणेतलं काहीतरी बिघडलंय. आणि त्यात हमखास दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे वॉटर पंप.

हा पंप नेमकं करतो काय?

इंजिनात इंधन जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत क्षणभर तापमान २००० अंशांच्या घरात जातं. आणि बऱ्याच गाड्यांचं इंजिनाचं हेड ज्या ॲल्युमिनियमचं असतं, ते वितळतं ६६० अंशांना. तरीही इंजिन टिकतं, कारण त्याच्या भिंतींच्या आतून कूलंट सतत फिरत असतं. ते उष्णता उचलतं, समोरच्या रेडिएटरमध्ये नेऊन हवेत सोडतं आणि परत इंजिनात येतं. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश वाटा अशा रीतीने कूलंटमार्गे बाहेर टाकावा लागतो. हे कूलंट फिरवत ठेवण्याचं काम वॉटर पंपाचं. गॅरेजमध्ये याला 'वॉटर बॉडी' असंही म्हणतात.

शेतातल्या विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार ज्याने उघडून पाहिली आहे, त्याला हा पंप वेगळा समजावून सांगायची गरज नाही. तत्त्व तेच. मध्ये पात्यांचा इंपेलर, तो फिरला की पाणी मधून ओढलं जातं आणि कडेला फेकलं जातं. आजच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या पंपांनी गावोगावच्या विहिरींवर जे काम केलं, तेच काम हा तळहाताएवढा पंप बोनेटखाली करतो. फरक एवढाच की विहिरीवरचा पंप विजेवर चालतो आणि हा बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाच्याच ताकदीवर, पट्ट्याने फिरतो. काही नव्या गाड्यांत विजेवरचा पंपही असतो.

गंमत म्हणजे जुन्या काळी पंपाशिवायही गाड्या चालायच्या. फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना वॉटर पंप होता. नंतर कंपनीने तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर जातं आणि थंड पाणी खाली येतं, एवढ्यावर त्या गाड्या थंड राहायच्या. गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये पाणी पंपाशिवाय फिरतं ते याच तत्त्वावर. पण आजच्या ताकदवान इंजिनांना हा संथ कारभार पुरत नाही. पंप बंद पडला की काही मिनिटांत इंजिन तापतं.

पंप खराब का होतो?

पंपात बिघडण्यासारख्या मुख्य गोष्टी तीन : बेअरिंग, सील आणि इंपेलर. बेअरिंग झिजलं की दांडी डगमगते. दांडी डगमगली की सील खराब होतं. सील गेलं की कूलंट गळतं आणि बेअरिंगमध्ये शिरून त्याचा उरलासुरला जीवही घेतं. एक गेलं की दुसरं जातंच.

पण आपल्याकडे याच्या मुळाशी बऱ्याचदा एक साधी सवय असते : कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकणं.

दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याच ठिकाणी भरपूर असतात. गिझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांवर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. सुटे झालेले कण सीलच्या गुळगुळीत पृष्ठभागावर घासतात. त्यातच साध्या पाण्यात गंज रोखणारी द्रव्यं नसतात, त्यामुळे धातू आतून खाल्ला जातो.

आणखी एक मुद्दा उकळण्याचा. धाराशिव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथं उघड्यावर पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. इंजिन साधारण ९० अंशांवर चालतं, म्हणजे फरक अगदीच थोडा. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण दाबाखाली, चांगल्या झाकणासह, १२० अंशांच्या पुढेही न उकळता टिकतं. घाटात हाच फरक कामाला येतो.

कूलंट कमी असेल तर पंपात बुडबुडे तयार होतात. ते इंपेलरवर फुटतात आणि तिथला धातू कणाकणाने उडतो. विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर मोटार हवा ओढते आणि खडखडते, तसाच हा प्रकार.

जाणारा पंप आधी इशारा देतो

पंप सहसा एका दिवसात जात नाही. आधी खुणा दिसतात :

१. कूलंट सारखं कमी होणं. यंत्रणा बंदिस्त असते. टाकीतली पातळी दर पंधरा दिवसांनी खाली जात असेल, तर ते कुठंतरी जातंय.

२. पट्ट्याच्या बाजूला ओल किंवा डाग. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी हिरवा, गुलाबी किंवा निळसर डाग दिसला तर ते कूलंट. एसीचं पाणी रंगहीन असतं, त्याने घाबरू नका.

३. पंपाच्या बारीक भोकातून थेंब. पंपाच्या बॉडीला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गळायला लागलं की कूलंट बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर यावं, म्हणून. तिथं वाळलेल्या कूलंटचा रंगीत किंवा पांढरा पापुद्रा दिसला की सील जायला लागलं असं समजा. हे भोक एम-सील लावून बुजवू नका. भोक बुजवलं तरी आतली गळती थांबत नाही.

४. घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज. इंजिनाचा वेग वाढेल तसा वाढणारा आवाज बेअरिंगचा असू शकतो. इंजिन बंद आणि थंड असताना पंपाची पुली हाताने हलवून बघा. ती डगमगत असेल तर पंप बदलायला झाला.

५. चढावर काटा वर, उतारावर खाली. पंप किंवा रेडिएटर पुरा पडत नसल्याची ही खूण.

काही नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे वेळ फार थोडा उरलाय. आणि वर गेलेला काटा एकदम खाली आला म्हणून खूश होऊ नका. कूलंट संपलं की सेन्सर हवेत राहतो आणि खोटं तापमान दाखवू शकतो.

दोष पंपाचाच की दुसऱ्या कशाचा?

गाडी गरम झाली की लगेच पंप बदलायचा, असंही नाही.

सिग्नलला किंवा यात्रेच्या गर्दीत उभी असताना गरम होते आणि पळायला लागली की थंड होते? आधी पंखा तपासा. महामार्गावर वेगात गरम होते? रेडिएटर तुंबलाय का ते बघा, मग पंप. इंजिन तापलंय पण रेडिएटरचा एक पाईप गरम आणि दुसरा थंडच? थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा पंप कूलंट ढकलत नसेल. ऑइल दुधाळ चहासारखं दिसतंय किंवा टाकीत सतत बुडबुडे येतात? मग हेड गॅस्केटची शंका घ्या.

एक सोपी चाचणी : गाडीत हीटर असेल तर तो फुल करा. इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार हवा येत असेल, तर कूलंट एकतर कमी आहे किंवा फिरत नाहीये.

काटा वर गेला तर लगेच काय करायचं?

एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर फुल करा. मे महिन्यात हा सल्ला वेडेपणाचा वाटेल, पण हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर काढणारा छोटा रेडिएटरच. काटा तरीही खाली येत नसेल, लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसत असेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. "गाव आता दोनच किलोमीटर आहे" म्हणून पुढे रेटलेल्या गाड्यांचंच हेड वाकतं.

सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब, सावलीत बसवा. पार्किंगचे दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

आणि सर्वात महत्त्वाचं : गरम गाडीचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट शंभर अंशांपेक्षा जास्त तापलेलं असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं थेट तोंडावर, डोळ्यांत येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाईप हाताला गार लागला तरच जाड फडकं टाकून झाकण थोडंसं फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणीही ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो.

जवळ कूलंट नसेल तर इंजिन गार झाल्यावर गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं साधं पाणी चालतं. नंतर मात्र यंत्रणा धुऊन योग्य कूलंट भरून घ्यायचं.

पंप बदलताना काय होतं?

तुमच्या गाडीचा पंप कशावर फिरतो, हे आधी विचारा. बाहेरच्या पट्ट्यावर फिरणारा पंप बदलणं हे तुलनेने सोपं काम. टायमिंग बेल्टवर फिरणारा असेल तर काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या. टायमिंग एक दात जरी चुकलं, तरी बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात. अशा गाडीत पंप आणि टायमिंग बेल्ट एकत्रच बदललेले बरे, कारण उघडण्याची मजुरी एकदाच लागते.

बाहेरच्या पट्ट्याच्या पंपाचं काम साधारण असं चालतं :

१. इंजिन पूर्ण गार होऊ देतात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात.

२. रेडिएटरखालचा प्लग उघडून कूलंट टबात घेतात. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असतं. अंगणात सांडलं तर कुत्री, गुरं किंवा लहान मुलांच्या तोंडी जाऊ शकतं, म्हणून ते उघड्यावर सोडायचं नाही.

३. पट्टा ताणलेला असतानाच पुलीचे बोल्ट सैल करतात, पट्टा कसा बसलाय त्याचा फोटो काढतात, मग पट्टा आणि पुली काढतात.

४. पंपाचे बोल्ट काढतात. ते वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून कुठला कुठून निघाला ते लक्षात ठेवावं लागतं.

५. जुन्या गॅस्केटचा अंश खरवडून पृष्ठभाग साफ करतात. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर नवा पंपही गळतो, म्हणून इथं घाई नको.

६. नवं गॅस्केट किंवा ओरिंग लावून पंप बसवतात आणि बोल्ट आलटून पालटून, ठरलेल्या ताकदीने आवळतात.

७. कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करतात, हीटर फुल ठेवून आतली हवा काढतात आणि पातळी पुन्हा भरतात. हवा राहिली तर नवा पंप बसवूनही गाडी गरम होते.

बिल देण्याआधी चार गोष्टी बघा

जुना पंप परत मागा आणि त्याची दांडी हलवून बघा. पट्टा आणि टेन्शनर तपासले का, ते विचारा. कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच आहे ना, ते बघा. रंगावर जाऊ नका, कारण वेगवेगळ्या कंपन्या एकाच रंगात वेगवेगळी कूलंट विकतात. आणि मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरायला सांगा, जे बॅटरीत घालतात ते.

नंतर आठवडाभर रोज सकाळी इंजिन गार असताना टाकीतली पातळी बघा. ती हलली नाही तर काम नीट झालं.

ही सवय पुढेही ठेवा. देवीला निघण्याआधी टायरची हवा बघतो, डिझेल बघतो, तसंच बोनेट उघडून टाकीवरच्या दोन रेघांमध्ये कूलंट आहे का एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटामुळे भर दुपारी घाटात आजीला दगडावर बसवायची वेळ टळू शकते.