एवढ्यापायी : जपानीतील ‘बाकारि-नि’

जपानी भाषेत कारण सांगण्याच्या अनेक रचना आहेत. त्यांपैकी ‘बाकारि-नि’ ही रचना वाईट परिणामासाठीच राखून ठेवलेली आहे. कारण क्षुल्लक, परिणाम मात्र जड, आणि ‘तेवढे एक झाले नसते तर’ ही हळहळ, अशा तीन गोष्टी ती एकदम सांगते. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या दुसऱ्या पातळीला, म्हणजे एन-२ला, ती अभ्यासाला येते. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमधल्या रविवारी होते, आणि रविवारी मध्य रेल्वेवर अनेकदा मेगाब्लॉक असतो. डोंबिवलीहून मुंबईतल्या केंद्रावर निघालेल्या परीक्षार्थीची एक लोकल चुकली, पुढची वेळेवर आली नाही आणि परीक्षाच हुकली, तर जपानीत म्हणता येईल : ‘देन्शा नि इप्पोन नोरिओकुरेता बाकारि-नि, शिकेन गा उकेरारेनाकात्ता.’ एक गाडी चुकली, तेवढ्याने परीक्षा देता आली नाही.

मराठी माणसाला हे वाक्य रचणे सोपे जाते. ‘गाडी चुकली म्हणून परीक्षा बुडाली’ या वाक्यात कारण आधी, जोडणारा शब्द कारणाच्या शेवटी आणि परिणाम त्यानंतर येतो. जपानीतही हाच क्रम आहे. अडचण येते ती जोडशब्द निवडताना. ‘मिन्ना नो निहोंगो’ या रूढ पाठ्यपुस्तकात नवव्या धड्यात ‘कारा’ भेटतो आणि एकोणचाळिसाव्यात ‘नोदे’. हे दोन्ही शब्द भावनेच्या बाबतीत तटस्थ आहेत. परिणाम चांगला असो वा वाईट, ते चालतात. कल्याण किंवा ठाणे स्थानकावर ‘तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत’ अशी घोषणा होते, तेव्हा ‘मुळे’ जे काम करतो तेच जपानी स्थानकावर ‘तामे’ करतो : ‘शिनगोओ कोशोओ नो तामे’, म्हणजे सिग्नलच्या बिघाडामुळे. घोषणा करणाऱ्याने तिथे ‘बाकारि-नि’ वापरले, तर तो प्रवाशांसमोर स्वतःच हळहळत उभा राहिला असे वाटेल.

तटस्थ शब्दांच्या पलीकडे एक जोडी आहे. ‘ओकागे-दे’ चांगल्या परिणामाचे श्रेय देतो. त्यातला ‘कागे’ म्हणजे छाया, कृपाछत्र. ‘सेइ-दे’ वाईट परिणामाचा ठपका ठेवतो. ‘आमे नो सेइ-दे देन्शा गा ओकुरेता’ या वाक्यात गाडीच्या उशिराचा दोष पावसावर टाकलेला आहे. ‘सेइ’वरूनच ‘हितो नो सेइ नि सुरु’ हा वाक्प्रचार येतो. त्याचा अर्थ आपले खापर दुसऱ्याच्या माथी फोडणे. म्हणूनच कार्यालयीन पत्रात सहकाऱ्याच्या नावाला ‘सेइ-दे’ जोडणे उद्धट ठरते.

‘बाकारि-नि’चा रोख दोषावर कमी आणि प्रमाणावर जास्त असतो. ‘बाकारि’ हा शब्द ‘हाकारु’, म्हणजे मोजणे, या क्रियापदापासून आला. मोजमापावरून आधी ‘सुमारे’ आणि मग ‘फक्त’ असे अर्थ त्याला मिळाले. फक्त एवढ्याने, या अर्थाचा धागा कारणाच्या रचनेत टिकून आहे. मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘निमित्त होणे’ येते. साध्या तापाचे निमित्त झाले आणि माणूस गेला, असे म्हणताना बोलणारा तापाला दोष देत नाही. एवढ्याशा कारणाने एवढे मोठे घडावे, याचे त्याला दुःख असते.

मराठी ही हळहळ बहुतेक वेळा क्रियापदात ठेवते. घाई नडली. भोळेपणा नडला. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हलगर्जीपणा भोवतो, साहस अंगाशी येते. अशा वाक्यांत कारण हाच कर्ता होतो आणि परिणाम काय झाला हे न सांगताही तो वाईट होता हे कळते. जपानी मात्र तेच काम दोन वाक्यांच्या सांध्यावर करते : ‘बाकारि-नि’ ऐकू येताच पुढे काहीतरी बिनसले असणार हे ऐकणाऱ्याला कळते. भाषांतर करणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. ‘इसोइदा बाकारि-नि’चे ‘घाई केल्यामुळे’ हे भाषांतर व्याकरणाने बरोबर आहे, पण जपानी वाक्यातली चुटपुट त्यात उरत नाही. ‘घाई नडली’ म्हटले की ती परत येते, मग वाक्याची मोडणी बदलावी लागली तरी हरकत नाही.

क्रियापद असेल तर ‘बाकारि-नि’आधी बहुधा भूतकाळी रूप येते : ‘नोरिओकुरेता’, ‘इसोइदा’. ‘इ’कारान्त विशेषण थेट जोडले जाते, ‘ओकाने गा नाइ बाकारि-नि’ म्हणजे केवळ पैसे नाहीत म्हणून. ‘ना’ विशेषणाला ‘ना’ किंवा ‘दे आरु’ लागतो, नामाला सहसा ‘दे आरु’. ‘चोओनान दे आरु बाकारि-नि, शिनगाकु ओ आकिरामेता’ : थोरला मुलगा असल्याने पुढच्या शिक्षणावर पाणी सोडले. हे वाक्य मराठी घरात वेगळे समजावून द्यावे लागत नाही. बोलताना ‘बाकारि’चे ‘बाक्कारि’ होते.

इच्छादर्शक ‘ताइ’ला ही रचना जोडली की अर्थ थोडा वळतो. मग परिणाम आपोआप घडत नाही. इच्छेपायी माणूस स्वतःच एरवी न करण्याजोगे काही करतो. सकाळी डोंबिवलीला भरलेल्या लोकलमध्ये चढणे मुश्कील, म्हणून बरेच प्रवासी उलट कल्याणला जाऊन तिथून जागा पकडून येतात. जपानीत : ‘सुवात्ते इकिताइ बाकारि-नि, माइआसा कल्याण मादे मोदोरु.’ बसायला मिळावे एवढ्यापायी रोज सकाळी कल्याणपर्यंत मागे जायचे. येथे मराठीचे ‘पायी’ चपखल बसते. हव्यासापायी, हट्टापायी, पोरांपायी, असे हे शब्दयोगी अव्यय ओढ आणि तिची किंमत एकत्र सांगते.

नियमांपैकी पहिला असा की परिणाम चांगला असून चालत नाही. ‘निहोंगो गा देकिरु बाकारि-नि’, म्हणजे जपानी येत असल्याने, असे सुरू करून पुढे चांगल्या कंपनीत नोकरी मिळाली म्हणता येणार नाही. तिथे ‘ओकागे-दे’ हवा. पण तेच वाक्य ‘यासुमि नो हि मादे त्सुउयाकु ओ तानोमारेरु’ असे संपवले तर ते अस्सल जपानी ठरते. जपानी येते, म्हणून सुट्टीच्या दिवशीही दुभाष्याचे काम गळ्यात पडते. पहिला अर्धा भाग दोन्हीकडे शब्दशः एकच आहे. दुसरा नियम असा की ‘बाकारि-नि’नंतर आज्ञा, विनंती किंवा संकल्प येत नाही. ‘पाऊस आहे, म्हणून लवकर निघा’ या अर्थासाठी ‘कारा’कडेच परतावे लागते. हळहळ घडून गेलेल्या किंवा टाळता न येणाऱ्या गोष्टीचीच असते, हे या नियमामागचे कारण. त्यामुळेच अशा वाक्यांच्या शेवटी ‘ते शिमात्ता’, म्हणजे नको ते होऊन बसले, हे रूप वारंवार दिसते.

माफी मागताना या रचनेचा चांगला उपयोग होतो. ‘वाताशि गा योकेइ ना कोतो ओ इत्ता बाकारि-नि, गोमेइवाकु ओ ओकाके शिमाशिता.’ मी नको ते बोलून गेलो आणि तुम्हाला त्रास झाला. चूक आपली, हे कबूल होते आणि तिचा पश्चात्तापही त्याच दमात पोचतो. जपानी कंपनीशी पत्रव्यवहार करणाऱ्याने हे वाक्य पाठच करावे.

परीक्षेत मात्र सारख्या दिसणाऱ्या रचना गोंधळ घालतात. ‘मिन्ना नो निहोंगो’च्या सेहेचाळिसाव्या धड्यातला ‘ता बाकारि’ म्हणजे नुकतेच केलेले. ‘ताबेता बाकारि’ म्हणजे आत्ताच जेवलेला. त्यात खंत नाही. ‘बाकारि का’ म्हणजे एवढेच नव्हे, तर आणखीही. ‘नाकान बाकारि-नि’ म्हणजे रडू फुटण्याच्या बेतात, आणि ‘तो बाकारि-नि’ म्हणजे जणू तसे म्हणावे अशा आविर्भावात. शेवटच्या दोन्हींत ‘बाकारि-नि’ हीच अक्षरे असल्याने पर्याय निवडताना त्यांच्या आधीचे रूप तपासावे लागते. आधी ‘तो’ असेल किंवा क्रियापदाला ‘न’ लागलेला असेल, तर ते वाक्य कारणाचे नाही.