विश्लेषण : प्लॅन ३०० एमबीपीएसचा, मग आतल्या खोलीत वाय-फाय का अडखळते? ‘मेश’ला केबलची जोड का हवी?

घरात फायबरचे कनेक्शन आले, दरमहाचा प्लॅनही वाढवून घेतला, तरी आतल्या खोलीत ऑफिसची मीटिंग मध्येच गोठते आणि वरच्या मजल्यावर मुलांचा ऑनलाइन क्लास तुटतो. अशा घरांसाठी दोन-तीन डब्यांचे ‘मेश वाय-फाय’ संच बाजारात आहेत. मात्र हे डबे एकमेकांशी हवेतून बोलतात की केबलने, यावर त्यासाठी मोजलेले पैसे कारणी लागणार की नाही, हे बरेचसे अवलंबून असते.

दोष प्लॅनचा की भिंतींचा?

खरेदीआधी एक साधी चाचणी करावी. राउटरच्या शेजारी उभे राहून ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर स्पीड टेस्ट घ्यावी आणि नंतर तीच अडचणीच्या खोलीत घ्यावी. शक्य असल्यास लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडूनही वेग पाहावा. राउटरजवळच वेग कमी असेल तर प्रश्न कनेक्शनचा किंवा राउटरचा आहे. मेश घेऊन तो सुटणार नाही. जवळ पूर्ण वेग आणि आत जेमतेम २० एमबीपीएस मिळत असतील, तर अडथळा घरातच आहे. अशा वेळी प्लॅन ३०० वरून ५०० केला तरी आतल्या खोलीत फारसा फरक पडत नाही.

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने बऱ्या जातात, पण त्यांचा वेग कमी असतो आणि सोसायटीतील शेजाऱ्यांचे राउटरही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. तिथे एकमेकांना न अडणारी चॅनेल जेमतेम तीन आहेत : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. आरसीसी स्लॅब, जाड विटांची किंवा कोकणातील जांभ्याची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा हे सगळे सिग्नल खातात.

मेश म्हणजे नेमके काय?

मेशमध्ये एक मुख्य डबा इंटरनेटला जोडलेला असतो आणि बाकीचे डबे, म्हणजे नोड, घरात पसरलेले असतात. सगळ्यांचे नाव आणि पासवर्ड एकच असतो. साधा एक्स्टेंडर लावला, की अनेकदा वेगळ्या नावाचे दुसरे नेटवर्क तयार होते आणि फोन दूरच्या राउटरला चिकटून राहतो. मेशमधील डबे एकमेकांशी समन्वय ठेवतात आणि ‘जवळच्या नोडवर जा’ असे फोनला सुचवतात. अर्थात जायचे की नाही, हे शेवटी फोनच ठरवतो. त्यामुळे जुन्या फोनवर हा बदल थोडा उशिरा होतो.

मग केबल कशासाठी?

नोडपर्यंत इंटरनेट पोहोचवणाऱ्या दुव्याला ‘बॅकहॉल’ म्हणतात. तो हवेतून असेल तर साध्या ड्युअल-बँड संचात नोड एकाच रेडिओवर मुख्य डब्याकडून डेटा घेतो आणि त्याच रेडिओवर फोनला देतो. एकच माहिती हवेतून दोनदा जात असल्याने वेग साधारण निम्मा होतो. समजा, नोडपर्यंत २०० एमबीपीएस पोहोचत असतील तर फोनला १०० च्या आसपास मिळतील. दुसरा नोड पहिल्याच्या आधाराने चालत असेल तर वेग आणखी घटतो. ट्राय-बँड संचात बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ देता येतो, पण मधली भिंत तशीच राहते.

केबल लावली, की भिंतीचा प्रश्न उरत नाही. गिगाबिट केबल दोन्ही दिशांना एकाच वेळी १ जीबीपीएसपर्यंत डेटा नेते आणि नोडचे सर्व रेडिओ फोन, टीव्ही, लॅपटॉपसाठी मोकळे राहतात. जागेचेही बंधन सुटते. बिनतारी नोड अडचणीच्या खोलीत ठेवून चालत नाही, तो सिग्नल चांगला असलेल्या मधल्या जागी ठेवावा लागतो. केबल जोडलेला नोड मात्र गरज असेल तिथेच ठेवता येतो.

जोडणीचा क्रम काय?

आधी इंटरनेट कंपनीचा फायबर डबा (ओएनटी), त्यातून केबल मुख्य मेश डब्याच्या ‘वॅन’ पोर्टला, तिथून पुढे नोडकडे. नोड जास्त असतील तर मुख्य डब्यानंतर साधा गिगाबिट स्विच लावावा आणि त्यातून प्रत्येक नोडला स्वतंत्र केबल द्यावी. मुख्य डबा राउटर म्हणून काम करत असेल तर नोडची केबल थेट ओएनटीला लावू नये. तसे केल्यास नोड मुख्य डब्याच्या नेटवर्कबाहेर राहतो. बहुतेक संचांत नोड आधी मुख्य डब्याजवळ ठेवून ॲपमध्ये जोडावा लागतो. नंतर तो जागेवर नेऊन केबल लावली, की ॲपमध्ये जोडणी ‘वायर्ड’ किंवा ‘इथरनेट’ अशी दिसते. ती तशी दिसते का, हे तपासावेच.

ओएनटीचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे. ओएनटी आणि मेश दोन्ही राउटर म्हणून चालू राहिले तर गेमिंग, सीसीटीव्ही, व्हीपीएन यांना अडचण येऊ शकते. त्यासाठी कंपनीकडून ओएनटी ‘ब्रिज मोड’वर करून घ्यावा किंवा मेश ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर ठेवावा. दुसऱ्या पर्यायात मुलांसाठीचे वेळेचे नियंत्रण यांसारख्या काही सोयी बंद होऊ शकतात.

केबल कोणती, कुठून न्यावी?

घरासाठी ‘कॅट ६’ पुरेशी आहे. गिगाबिट वेगासाठी १०० मीटरपर्यंतचे अंतर चालते. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. कनेक्टर लावताना एक तार जरी सुटली तरी जोडणी बंद न पडता अनेकदा १०० एमबीपीएसवर येते आणि दोष लवकर लक्षात येत नाही. म्हणून काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनसमोरच टेस्टर लावून आणि स्पीड टेस्ट घेऊन पाहावे.

विजेच्या तारा आणि डेटा केबल एकाच पाइपमधून नेऊ नयेत. जुनी टीव्ही केबल वापरात नसेल तर तिला नवी केबल बांधून त्याच पाइपमधून ओढता येते. भाड्याच्या घरात भिंतीच्या कडेने पट्टी मारून काम भागते. दोन स्वतंत्र इमारतींमध्ये मात्र उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नये. जवळपास वीज पडल्यास उपकरणे जळू शकतात. तिथे फायबर योग्य.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

‘एसी १२००’ याचा अर्थ १२०० एमबीपीएस मिळतील असा नाही. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज करून काढलेला तो आकडा आहे, तोही कागदावरचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोर्ट. ‘१०/१००’ लिहिले असेल तर केबल लावूनही वेग १०० एमबीपीएसच्या वर जाणार नाही. ‘१०/१००/१०००’ किंवा गिगाबिट पोर्ट हवेत, आणि प्रत्येक नोडला हवेत. काही संचांत जोडीच्या डब्यांना पोर्टच नसतो. संख्याही बेताची ठेवावी. टू बीएचकेमध्ये दोन डबे सहसा पुरतात. जास्त डबे लावल्यास ते एकमेकांच्याच सिग्नलमध्ये अडथळा आणतात.

वीज गेल्यावर काय?

घरात इन्व्हर्टर नसेल तर ओएनटी, मुख्य डबा, स्विच आणि नोड या सगळ्यांना बॅकअप लागतो. एकट्या ओएनटीला मिनी यूपीएस लावून नोडचे वाय-फाय चालणार नाही. यूपीएसचे व्होल्टेज आणि अँपिअर डब्याच्या ॲडाप्टरशी जुळवूनच घ्यावेत.

घराचे रंगकाम किंवा दुरुस्ती निघणार असेल, तर प्लास्टरआधी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवणे सर्वांत स्वस्त पडते. मेशचे डबे काही वर्षांनी बदलतील, पण पाइप आणि त्यातली केबल पुढच्या संचालाही उपयोगी पडेल.