चहाच्या डोंगरात दोन दिवस : कॅमेरॉन हायलँड्सचा हिशेब

कापड, तयार कपडे किंवा मसाल्याच्या कारोबारानिमित्त क्वालालंपूरला जाणारे आपल्याकडचे व्यापारी जालान मस्जिद इंडिया आणि जालान तुआंकु अब्दुल रहमान या दोन रस्त्यांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. सौदा झाला, नमुने बांधले, की उरलेले दोन दिवस जुळे मनोरे बघण्यात आणि मॉलमध्ये फिरण्यात जातात. ते दोन दिवस कारणी लावायचे असतील तर शहरापासून सुमारे २०० किलोमीटरवर, पाहांग राज्यात, कॅमेरॉन हायलँड्स नावाचा डोंगराळ इलाका आहे. मलेशियातील चहाचे सर्वांत प्रसिद्ध मळे तिथे आहेत. थंड हवा आणि हिरवे डोंगर यांसाठी लोक जातात, फोटो काढतात आणि परत येतात. व्यापाऱ्याने मात्र ही जागा थोड्या वेगळ्या नजरेने पाहावी, म्हणून हा लेख.

फोटोत जी हिरवळ येते ती एका चालू कारखान्याचा कच्चा माल आहे. चहा परवडतो आहे तोपर्यंतच तो देखावा तिथे आहे. तो कसा परवडतो आणि शेजारच्या डोंगरावर हिरवळीच्या जागी प्लॅस्टिक का दिसते, हे समजून घेतले तर प्रवासाचा खर्च वसूल झाला असे मानायला हरकत नाही.

या इलाक्याचे नाव विल्यम कॅमेरॉन या इंग्रज मोजणीदारावरून पडले. १८८५ मध्ये त्याने इथल्या पठाराची नोंद केली. पुढे चाळीस वर्षे तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. १९२५ नंतर इंग्रज सरकारने हिल स्टेशन करायचे ठरवले आणि पायथ्याच्या तापाह गावापासून घाटरस्ता काढला. आपले महाबळेश्वरही इंग्रजांनीच वसवले. दोन्हीकडची उंची साधारण सारखी, स्ट्रॉबेरी दोन्हीकडे, आणि सुट्टीच्या दिवसांत मोटारींची रांगही दोन्हीकडे तशीच. फरक इतकाच की महाबळेश्वरात चहाचे मळे नाहीत.

चहाची सुरुवात १९२९ ची. जॉन आर्चिबाल्ड रसेल या व्यापाऱ्याने सिलोनमध्ये चहाचा अनुभव घेतलेल्या ए. बी. मिल्न यांना बरोबर घेऊन जंगलातली जमीन मिळवली आणि 'बोह' नावाची कंपनी काढली. साल लक्षात घ्यावे. त्याच वर्षी जगभर मंदीला सुरुवात झाली आणि मलायाचा सगळा कारोबार ज्या रबरावर उभा होता त्याचे भाव कोसळले. रसेलचे स्वतःचे पैसे रबर आणि कथिलात होते. त्याचा अंदाज असा की मंदीतही माणूस चहा सोडत नाही. रसेल १९३३ मध्ये वारला, पण कंपनी आजही त्याच्या घराण्याकडे आहे आणि मलेशियात पिकणाऱ्या चहापैकी निम्म्याहून बराच जास्त चहा तीच काढते. १९३३ मध्येच उत्तर हिंदुस्थानातून गेलेल्या एका अगरवाल घराण्याने दुसरी कंपनी काढली. तिचे नाव 'भारत'. त्यांचा चहा 'कॅमेरॉन व्हॅली' या नावाने विकला जातो. त्यांचे मळे तानाह राता गावाच्या खालच्या अंगाला मुख्य रस्त्यालाच लागून आहेत. वेळ कमी असेल तर गाडी थांबवून तेवढे पाहिले तरी चालते.

कारखाना जरूर पाहावा

वेळ असेल तर 'बोह'च्या सुंगाई पालास मळ्यात जावे. रस्ता अरुंद आहे, मजुरांच्या वस्तीतून आणि मळ्यातून वळणे घेत जातो. वर एक सज्जा दरीवर पुढे काढलेला आहे आणि सगळी गर्दी त्या सज्जावर असते. शेजारीच कारखाना आहे, तिथे गर्दी कमी. आपण उलट करावे, आधी कारखाना आणि मग सज्जा.

खुडलेली पाने प्रथम हवेच्या झोतात बारा-पंधरा तास कोमेजवतात. पानातले पाणी कमी झाले की ते रोलर यंत्रात पिळून काढतात, त्यामुळे पान फाटते आणि रस बाहेर येतो. मग ते पसरून ठेवतात. हवा लागून पान तांबूस होते आणि चहाचा वास येऊ लागतो. याला 'आंबवणे' म्हणतात, पण इडलीच्या पिठासारखे त्यात काही आंबत नाही. कापलेले सफरचंद जसे काळे पडते तशीच ही क्रिया आहे. योग्य वेळी गरम हवेच्या भट्टीत वाळवून ती थांबवतात. शेवटी चाळण्यांवर माल वेगळा होतो. अख्ख्या पानाचा, तुकड्याचा, बारीक आणि अगदी भुकटी, ज्याला बाजारात डस्ट म्हणतात. आपल्या घरी येणारा दाणेदार चहा मात्र वेगळ्या, काटेरी रुळांच्या यंत्रातून निघतो.

साधारण पाच किलो हिरव्या पाल्यातून एक किलो चहा मिळतो. कोरे कापड प्रोसेसला गेले की किती घट येईल हा आपला रोजचा हिशेब. शंभर मीटरमागे पाच-सात मीटर गेले तरी आपण प्रोसेसवाल्याशी भांडतो. इथे शंभर किलोमागे ऐंशी किलो पाणी बनून उडते आणि त्यावर वाद नाही. म्हणून मळा आणि कारखाना शेजारी शेजारी असावे लागतात. हिरवा पाला दूर नेणे परवडत नाही आणि टिकतही नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. आसाम आणि दार्जिलिंगमध्ये थंडीत झुडूप झोपते, कारखाने दोन-तीन महिने बंद असतात. कॅमेरॉन हायलँड्स विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे बाराही महिने फुटवा येतो. एकाच झुडपावर सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा खुडणी होते. पैसा वर्षभर फिरता राहतो, पण मजूरही वर्षभर लागतात. दिवाळी-ईदच्या सीझनवर जगणाऱ्या आपल्या धंद्याला याचा हेवा वाटेल, पण मजुरांचा खर्च पाहिला की तो हेवा राहात नाही.

हाताने खुडणाऱ्या बायकांचे चित्र डब्यावर असते. मळ्यात ते फारसे दिसत नाही. उतार फार तीव्र नसेल तिथे दोन माणसे एक यंत्र झुडपांवरून धरून चालतात आणि मागच्या लांब पिशवीत पाला भरत जातो. तीव्र उतारावर पिशवी लावलेली कात्री चालते. मजुरी मुख्यतः वजनावर आहे. पहिली पिढी तामिळनाडूतून आलेल्या मजुरांची. त्यांची मुले शिकून शहरात गेली. आता बांगलादेश, नेपाळ, इंडोनेशिया अशा देशांतून माणसे आणावी लागतात. मलेशियाने किमान वेतन १ फेब्रुवारी २०२५ पासून महिना १,७०० रिंगिट केले. मजुराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्या देशांतून इथे चहा येतो तिथली मजुरी याहून पुष्कळ कमी आहे. मलेशियाला लागणारा सगळा चहा देशात पिकत नाही, बराच आयात होतो. त्यामुळे नुसत्या भुकटीच्या भावावर हे मळे जगू शकत नाहीत. सज्जा, चहाचे दुकान, केक आणि डब्यांची विक्री ही मळ्याची गरजच झाली आहे. पर्यटक ज्याला 'सोय' समजतो तो कंपनीच्या हिशेबात उत्पन्नाचा एक भाग आहे.

पिण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मलेशियातला खरा लोकप्रिय चहा म्हणजे 'तेह तारिक', म्हणजे ओढलेला चहा. डस्टचा कडक अर्क आणि गोड आटवलेले दूध एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणतात. हा धंदा प्रामुख्याने तामिळ मुसलमानांनी वाढवला. त्यांना तिथे 'मामक' म्हणतात, आणि हा शब्द तामिळमधल्या मामावरूनच आला. परक्या मुलखात मामाच्या टपरीवर चहा मिळाला की मराठी माणसालाही घरच्यासारखे वाटते.

शेजारचे प्लॅस्टिक

सज्जावरून उतरून ब्रिंचांगकडे किंवा खाली बर्ताम खोऱ्याकडे निघालात की डोंगरच्या डोंगर पांढऱ्या प्लॅस्टिकने झाकलेले दिसतात. त्याखाली कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची, फुले आणि स्ट्रॉबेरी आहे. भाजी तीन महिन्यांत पैसा देते. चहाचे झुडूप लावल्यापासून पुरते उत्पन्न यायला चार-पाच वर्षे जातात, पण मग ते पिढ्यान् पिढ्या चालते.

यात जमिनीच्या कागदाचा मोठा भाग आहे. चहा कंपन्यांकडे लांब मुदतीची जमीन. भाजीवाल्यांपैकी पुष्कळांकडे अनेक वर्षे नुसता तात्पुरता परवाना होता, तोही वर्षावर्षाने नवा करायचा. पुढच्या वर्षी जमीन आपली राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस बांध घालत नाही, झाडे लावत नाही. पागडीच्या जुन्या गाळ्यात कोण पदरचे पैसे घालून छत बदलतो? त्यातच काहींनी परवान्याशिवाय जंगल कापले. सरकार अधूनमधून कारवाई करते, काही दिवस शांतता असते आणि पुन्हा तेच.

उघडी माती पावसात वाहते, आणि पाऊस इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर. रिंगलेट गावाजवळ सुलतान अबू बकर धरण आहे, १९६३ मध्ये वीजनिर्मितीसाठी सुरू झालेले. त्याचा जलाशय गाळाने एवढा भरला की थोड्या पावसातही पाणी सोडण्याची पाळी येऊ लागली. २३ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री पाणी सोडले तेव्हा खालच्या बर्ताम खोऱ्यात घरे आणि गाड्या वाहून गेल्या, माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याच भागात चिखलाचा लोंढा आला आणि पुन्हा बळी गेले.

म्हणजे चहावाले पुण्यवान आणि भाजीवाले गुन्हेगार असे मला म्हणायचे नाही. चहाचे मळेही जंगल कापूनच झाले, आणि क्वालालंपूर-सिंगापूरच्या लोकांना स्वस्त कोबी हवाच आहे. पण वाढलेले चहाचे झुडूप जमीन झाकून आणि मुळांनी धरून ठेवते, ही हकीकत आहे. चहा परवडेनासा झाला तर त्या जागी जंगल परत येणार नाही, प्लॅस्टिक येईल.

रेशमाचा व्यापारी

कापडवाल्यांनी तानाह राताजवळच्या 'मूनलाइट' बंगल्याची गोष्ट जाणून घ्यावी. जिम थॉम्पसन हा अमेरिकन माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर बँकॉकमध्ये राहिला आणि मरू घातलेल्या थाई हातमाग रेशमाला त्याने जगाच्या बाजारात नेले. त्याचे सुरुवातीचे विणकर बँकॉकच्या बान क्रुआ मोहल्ल्यातले चाम मुसलमान होते, कंबोडियाकडून आलेल्या लोकांचे वंशज. थॉम्पसनने त्यांना एका छताखाली आणले नाही. माग त्यांच्या घरीच ठेवले, पक्के रंग आणून दिले, माल दर्जाप्रमाणे घेतला. मालेगाव-भिवंडीच्या माणसाला ही पद्धत नवी नाही. नवे होते ते गिऱ्हाईक : त्याने नमुने थेट न्यूयॉर्कला नेऊन दाखवले.

हा माणूस २६ मार्च १९६७ रोजी, रविवारी दुपारी, मित्रांच्या या बंगल्यातून एकटाच फिरायला बाहेर पडला आणि परत आला नाही. पोलीस, सैनिक आणि जंगलात राहणारे मूळ रहिवासी ओरांग अस्ली अशा शेकडो लोकांनी शोध घेतला. काहीही सापडले नाही, आजतागायत नाही. तर्कवितर्कांची पुस्तके निघाली, त्यांत मी पडत नाही. प्रवाशाने एवढेच घ्यावे की इथल्या जंगलात पाऊलवाटा असल्या तरी धुके क्षणात उतरते. एकट्याने शिरू नये, हॉटेलात सांगून जावे.

जाण्याची सोय सोपी आहे. क्वालालंपूरच्या दक्षिण बस टर्मिनलवरून तानाह राताला थेट गाड्या आहेत, चार-पाच तास लागतात. तापाहचा जुना घाट वळणांचा, वाटेत लाता इस्कंदर धबधबा लागतो. गाडी लागत असेल तर इपोहकडचा सिंपांग पुलाई रस्ता रुंद आहे. शनिवार-रविवार आणि तिथल्या शाळांची सुट्टी टाळावी, नाहीतर ब्रिंचांगच्या एकाच रस्त्यावर दिवस जाईल. रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, स्वेटर न्यावा. ब्रिंचांग डोंगर २,००० मीटरच्या वर आहे. त्याच्या माथ्याजवळचे शेवाळाचे जंगल पाहायचे असेल तर ते खुले आहे का याची आधी चौकशी करावी. मशिदी तानाह राता आणि ब्रिंचांग दोन्ही गावांत आहेत. 'स्टीमबोट' म्हणजे टेबलावर उकळत्या रश्श्यात शिजवून खायचे जेवण इथे फार चालते, पण सगळीच दुकाने हलाल नाहीत, पाटी पाहूनच आत जावे. हिंदी नागरिकांना मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला. सवलतीची मुदत वाढवली जात असते, म्हणून निघण्यापूर्वी ती चालू आहे का ते पाहावे, आणि प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरून ठेवावा.

चहा विकत घेताना डब्याच्या नक्षीवर जाऊ नये. रंगीत डब्यात बऱ्याचदा वासाचा चहा असतो. साधा काळा चहा, मळ्याच्या नावाचा, पॅकिंगची तारीख जवळची पाहून घ्यावा. दूध-साखर घालून उकळायचा असेल तर बारीक प्रतीचाच घ्यावा, कारण पानाचा महाग चहा आपल्या पद्धतीने उकळला तर त्याचा वास जातो आणि घरचे म्हणतात, एवढ्या लांबून फिकाच चहा आणला.